पेडणेकरांची पाणसळ

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, असं आपल्याकडे म्हणतात. वामनराव पेडणेकरांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी अजून चांगला शब्द शोधतो आहे. दात स्वच्छ होते, हे कबूल. अक्षर वळणदार होतं, हेही कबूल. त्यापलीकडे काही सुचत नाही, आणि सुचलंच तर लिहायची माझी इच्छा नाही.

घोडपदेवला आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर एक मोटार गॅरेज होतं. पेडणेकर तिथे फोरमन, मी फिटर. मालक फोर्टात बसत आणि महिन्यातून एकदा नाकाला रुमाल लावून चक्कर मारून जात. त्यामुळे एरवी मालकही पेडणेकरच. आमचं मुख्य काम गाड्यांच्या मागच्या अंगाचं. टॅक्सी असो की बड्या माणसाची गाडी, मुंबईचे खड्डे आणि ट्रामचे रूळ सोसून तिची पाठ बसायची. मग कमानपाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, उतरवायचे, तुटलेला पाटा बदलायचा, शॉकप गळत असेल तर नवा घालायचा आणि गाडी पुन्हा सारखी उभी करून द्यायची. 'शॉकप' हा आमचा शब्द. पेडणेकर 'शॉक ॲब्सॉर्बर' म्हणत, आणि तेही अशा थाटात की ऐकणाऱ्याला आपण जन्मजात अडाणी असल्याची खात्री पटावी.

गृहस्थ गिरगावातून यायचे. पांढरी विजार, पांढरा कोट, खिशात लवंगांची डबी. त्या विजारीवर ग्रीसचा डाग मी आठ वर्षांत पाहिला नाही. मोटार गॅरेजच्या फोरमनची विजार आठ वर्षं पांढरी राहते, यातच सगळं आलं. गाडीखाली वाकायची वेळ आली की ते आधी रुमाल अंथरत, मग त्यावर एक गुडघा टेकत, मग गाडीखाली न बघताच उठत आणि 'हं' म्हणत. त्यांच्या खोलीत विलायतेहून टपालानं आलेलं एक प्रमाणपत्र काचेत घालून लावलेलं होतं. पोस्टानं शिकून माणूस मोटार इंजिनिअर होऊ शकतो, हे मला मान्य आहे. पेडणेकरांच्या बाबतीत मात्र शिक्षण वाटेतच कुठेतरी उतरलं असावं आणि नुसता कागद घरी पोचला असावा.

"मोटार नजरेनं दुरुस्त होते, पान्यानं नव्हे," हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

"नजर लागता म्हणानच परत येतत," सावळाराम खालच्या आवाजात म्हणायचा.

सावळाराम परब आमचा सर्वांत जुना फिटर. कणकवलीकडचा. आधी गिरणीत साचे लावायचा, मग इथे आला. मितभाषी, काळा, बोटं पान्यासारखी. गॅरेजची जी काही अब्रू होती ती त्याच्या बोटांवर होती. ती बोटं नेहमी काळी असत म्हणून पेडणेकर त्याच्याकडून किल्ल्यासुद्धा हातात घेत नसत, टेबलावर ठेवायला सांगत.

आता पाणसळीबद्दल सांगतो. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघतो ती पाणसळ. पेडणेकरांकडे पितळेची होती, मखमलीच्या पेटीत. गाडीचं मागचं काम झालं की ती पेटी समारंभानं उघडली जायची. पेडणेकर रुमालानं पाणसळ पुसायचे, गाडीच्या मागच्या बंपरवर आडवी ठेवायचे आणि काचेतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत आमच्याकडून पाटे खालीवर करवून घ्यायचे. बुडबुडा मध्यावर आला की लवंग तोंडात टाकायची आणि म्हणायचं, "याला म्हणतात शास्त्र."

शास्त्रात एवढीच खोट होती की गॅरेज म्हणजे पूर्वीचा तबेला. घोडे धुतल्यावर पाणी निघून जावं म्हणून जमीन उजव्या भिंतीकडच्या मोरीकडे चांगली उतरती केलेली. त्या उतारावर गाडी उभी करायची आणि तिथे पाणसळीनं सारखी करायची, म्हणजे गाडीची उजवी बाजू उगाच उचलायची. गाडी सपाट रस्त्यावर आली की डावीकडे कललेली. भायखळ्याच्या टॅक्सीवाल्यांना लांबूनच कळायचं. "ही घोडपदेवची दिसतेय," म्हणायचे. "आमच्या भागाची हवाच तशी, गाडीसुद्धा डावी होते," असं एकानं म्हटलं तेव्हा सगळा नाका हसला होता.

एका सरदारजी टॅक्सीवाल्यानं गाडी परत आणली, समोर उभी केली आणि विचारलं, "ये क्या है?" पेडणेकरांनी गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "रस्ता तिरपा आहे. म्युनिसिपालटीकडे जा."

सावळारामनं एकदाच त्यांना मोरी दाखवली होती. "साहेब, जमीन उतरती आसा. गाडी भायर सपाटीर काढून बघूया." पेडणेकरांनी पाणसळ पुसून पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि आठवडाभर सावळारामला इंजिनांचं तेल उपसायला बसवलं. तेव्हापासून सावळारामनं आपली वाट काढली. पेडणेकर जेवायला बसले की गाडी गल्लीत न्यायची, सपाट फरशीवर सगळं पुन्हा बसवायचं, आणि मग गिऱ्हाइकाला द्यायची. गिऱ्हाईक खूश होऊन पेडणेकरांचा हात हलवायचं. पेडणेकर हात हलवून घ्यायचे आणि मग तो रुमालाला पुसायचे.

सावळारामची दुसरी एक रीत होती, ती तर पेडणेकरांना अजिबात खपत नसे. गाडी जॅकवर उचललेली असताना तो मागच्या जोडणीचे बोल्ट नुसते हातानं लावून ठेवायचा. मग गाडी जमिनीवर उतरवायची, मागच्या सीटवर तीन माणसं बसवायची, आणि हा खाली घुसून बोल्ट शेवटचे घट्ट आवळायचा.

मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "गाडी लटकता तेवा आतलो रबर पण लटकलेलो आसता. तसोच आवळलंस तर खाली इल्यार तो पिळतलो. मगे दोन म्हयन्यांत फाटता. भार इल्याशिवाय बोल्ट आवळूचो नाय."

गाडीवर बसायला माणसं म्हणजे आम्हीच. मी, रंगारी, कधी रस्त्यावरचा भजीवाला. आम्ही मागच्या सीटवर दिवाणासारखे बसायचो आणि सीटखालून सावळारामचे उसासे ऐकू यायचे. पेडणेकर दारात उभे राहून म्हणायचे, "मोटार आहे की वऱ्हाडाची गाडी? लटकलेली असतानाच आवळा. वर सोपं जातं." वर सोपं जातं, हे खरंच. माणसाला वाकावं लागत नाही. ते स्वतः देखरेख करत तेव्हा सगळं वरच आवळलं जायचं, रबर दोन महिन्यांत कुरकुरायला लागायचं, आणि पेडणेकर गिऱ्हाइकाला मुंबईच्या खाऱ्या हवेवर व्याख्यान द्यायचे. या माणसानं आयुष्यात कधी कुठला भार अंगावर येऊ दिला नाही, आणि तो येतो कसा याची त्याला कल्पनाही नव्हती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या गल्लीत रोज सभा, रोज मोर्चे, गिरण्यांच्या दारात घोषणा. चाळीतल्या बायका पोळ्या लाटता लाटता मुंबई कुणाची यावर वाद घालत. पेडणेकरांनीही एक बिल्ला मिळवला. घोडपदेवच्या नाक्यापासून गॅरेजपर्यंत तो कोटावर असायचा. फोर्टात मालकांना भेटायला निघाले की भायखळ्याच्या पुलावर तो खिशात जायचा. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. काढताना टाचणी टोचली तर "शिंचे" म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, बहुधा दोन्ही बाजूंना.

हरताळाच्या त्या दिवशी गॅरेज बंद होतं, पण मालकांचा निरोप होता म्हणून आम्ही तिघं आत होतो, फाटकाला आतून कडी. ठोकळ्यांवर डॉक्टर कर्णिकांची गाडी होती. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. गाडी विलायती, मागे पाट्यांऐवजी स्प्रिंगा. स्प्रिंगेच्या पोटातच शॉकप, आणि शॉकपच्या अंगावर आटे पाडून बसवलेली एक चकती. चकती वर फिरवली की गाडीची पाठ वर, खाली फिरवली की खाली. जुनी जोडी पार बसली होती. नवी जोडी खोक्यातून आली होती, आणि उजवीकडची आदल्या दिवशी सावळारामनं बसवली होती. डावीकडचं चाक अजून उघडं होतं.

दुपारच्या सुमाराला आवाज आले. आधी फटाके वाटले. मग माणसं पळताना ऐकू आली, दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या आणि थोड्या वेळानं फाटकावर थापा पडल्या. फटीतून पाहिलं तर चौघांनी एका माणसाला दरवाजाच्या फळीवर घालून आणलं होतं. बरोबर डॉक्टर, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. माणूस आमच्या पलीकडच्या चाळीतला, भिकाजी चव्हाण, गिरणीत साच्यावर. मांडीत गोळी लागली होती. डॉक्टरांनी वर पट्टा आवळून बांधला होता. माणूस शुद्धीवर नव्हता.

"फाटक उघडा," डॉक्टर म्हणाले. "याला परळला इस्पितळात न्यायला हवा. टॅक्सी नाही, काही नाही. माझी गाडी द्या."

सावळारामनं कडी काढली. पेडणेकर मागून धावत आले. धावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"कुणाच्या हुकमानं उघडलंस?" त्यांनी विचारलं. मग डॉक्टरांकडे वळून, एकदम गोड आवाजात, "डॉक्टरसाहेब, गाडी अपुरी आहे. एका बाजूची स्प्रिंग नाही. मी जबाबदारी घेऊ शकत नाही."

"साहेब, ईस मिनटां द्या," सावळाराम म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता चाकाशी बसला.

ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. सावळारामनं स्प्रिंग दोरखंडानं आवळून दाबली, मी खालून जॅक धरला, त्यानं शॉकपचं वरचं टोक बसवलं, खालचं बसवलं, चकती दुसऱ्या बाजूच्या आट्यांइतके आटे मोजून फिरवली. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. भिकाजी फळीवर, डॉक्टर त्याच्या नाडीवर. आणि पेडणेकर? ते आपल्या खोलीत गेले आणि मखमलीची पेटी घेऊन आले.

मी हे अतिशयोक्ती करून सांगत नाही. रक्तानं भिजलेला माणूस पुढ्यात असताना त्यांनी पेटी उघडली, पाणसळ पुसली आणि म्हणाले, "गाडी उतरली की मी लेव्हल बघणार. त्याशिवाय बाहेर जाणार नाही. उद्या काही झालं तर नाव माझं जाईल."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. तसं पाहिलं की माणसानं जमिनीत जावं. पेडणेकर गेले नाहीत.

गाडी ठोकळ्यांवरून खाली आली. भिकाजीला मागच्या सीटवर आडवा ठेवला, त्याच्या डोक्याशी आणि पायाशी एकेक जण कोंबला, तिसरा खाली बसला. सावळाराम म्हणाला, "हलू नकात, दोन मिनटां," आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला. त्या वेळीसुद्धा त्यानं रीत मोडली नाही. भार आल्यावरच आवळलं. ट्रामचे रूळ, खड्डे, आणि मागे गोळी लागलेला माणूस. स्प्रिंग हलली असती तर त्या मांडीचं काय झालं असतं, हे पेडणेकरांच्या शास्त्रात नव्हतं.

पाणसळीसाठी कुणी थांबलं नाही. राहिली किल्ली. ती पेडणेकरांच्या खिशात होती. डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला. म्हणाले, "पेडणेकर."

पेडणेकरांनी फाटकाबाहेर पाहिलं, गर्दी जमली होती. आमच्याकडे पाहिलं. मग किल्ली डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मी दिली नाही हं. तुम्ही घेतलीत. लक्षात असू द्या."

भिकाजी वाचला. पाय मात्र गुडघ्यात कायमचा ताठ झाला.

आठवड्यानं मालक आले, नाकाला रुमाल लावून. पेडणेकरांनी सगळं लिहून ठेवलं होतं, वळणदार अक्षरात. परब फिटरनं हरताळाच्या दिवशी हुकूम नसताना फाटक उघडलं, अपुरी गाडी तपासणीशिवाय बाहेर काढली, आणि फोरमनच्या खिशातून किल्ली जबरदस्तीनं काढून घेतली. पहिल्या दोन गोष्टी म्हटलं तर खऱ्या. तिसरीवर सगळं अडलं होतं, कारण ती चोरी. मालकांनी सावळारामला विचारलं. सावळाराम म्हणाला, "किल्ली साहेबांनीच दिली. डॉक्टरांच्या हातात." मालकांनी मला विचारलं, "तू होतास ना? कुणी दिली?"

पेडणेकर माझ्याकडे बघत नव्हते. लवंगांची डबी उघडून लवंग निवडत होते.

मी म्हणालो, "मी मोरीकडे होतो शेठ. दिसलं नाही."

डॉक्टरांनी खरं सांगितलं असतं, पण मालकांनी त्यांना विचारलं नाही. फोरमनचं लेखी होतं, फिटरचं तोंडी. सावळारामला त्याच दिवशी काढला. चाळीच्या जिन्यात तो वळकटी बांधत होता तेव्हा मी गेलो, काय बोलायचं ते ठरवून. त्यानं मला बोलूच दिलं नाही. "तुझी पोरां लहान आसत," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "माका काय, थंय बैलगाडीक धावो बसवतलंय." धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी. मुंबईतला सगळ्यांत जाणता फिटर गावी बैलगाडीच्या चाकांवर पट्ट्या ठोकायला गेला. त्याच्या जागी हेड फिटर म्हणून पेडणेकरांनी मला नेमलं. नेमताना म्हणाले, "तू समजूतदार आहेस." आयुष्यात मला दिलेली ती सर्वांत घाण शिवी.

पुढे डॉक्टर वारले. आणखी काही काळानं राज्य झालं. त्या मे महिन्यात आमच्या भागात घराघरावर तोरणं, रस्त्यावर रांगोळ्या, लाउडस्पीकरवर दिवसभर पोवाडे. चाळींच्या मंडळानं मैदानात संध्याकाळी सत्काराची सभा ठेवली. लढ्यात ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांचा सत्कार. यादीत तिसरं नाव होतं वामनराव पेडणेकरांचं. मंडळाच्या पोरांना त्यांनीच आपली हकीकत सांगितली होती, हे नंतर कळलं.

ते व्यासपीठावर चढले, पांढऱ्या कोटात, बिल्ला उघडपणे छातीवर. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, कारण गॅरेजच्या सगळ्यांनी यावं असं त्यांनीच सांगितलं होतं.

"मी काही विशेष केलं नाही," माईकसमोर पेडणेकर म्हणाले. "गाडी अपुरी होती. लोक म्हणाले, धोका आहे. मी म्हटलं, माणूस महत्त्वाचा. जबाबदारी माझी. आणि गाडीची किल्ली मी स्वतः, या हातानं, डॉक्टरांच्या हातात दिली."

त्या चार वर्षांत त्या किल्लीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं खरं वाक्य तेवढंच. तेच मालकांसमोर बोलले असते तर सावळारामची नोकरी वाचली असती, आणि ते असं व्यासपीठावर, सत्कार घेताना बाहेर आलं.

मग भिकाजी चव्हाणला वर बोलावलं. तो काठी टेकत, ताठ पाय ओढत चढला. त्याला बिचाऱ्याला त्या दुपारचं काही आठवतच नव्हतं. लोकांनी सांगितलं ते त्याचं खरं. त्यानं पेडणेकरांच्या गळ्यात हार घातला, आणि मग पाया पडायला वाकू लागला. गुडघा वाकेना. काठी निसटली. एक हात व्यासपीठाच्या कडेला धरून तो तसाच कंबरेतून खाली खाली जात राहिला. अशा वेळी आपल्याकडे कुणीही असो, दोन पावलं पुढे होतो, खांदे धरतो, असू दे असू दे म्हणतो. ते बघणाऱ्यांनाही सोसत नव्हतं. एक बाई उठून उभी राहिली.

पेडणेकरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचा हात पोचावा म्हणून आपला उजवा पाय अर्धी वीत पुढे सरकवला.

भिकाजीचा हात बुटाला लागला. सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. पेडणेकरांनी समोर बघून हात जोडले, आणि जोडलेल्या हातांवरून त्यांची नजर दुसऱ्या रांगेवर फिरली, माझ्यावर थांबली. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते असं, कारण त्यानंतर ते गॅरेजमध्ये असले की मी मान वर करत नसे. त्या दिवशी मात्र मी मान वर करून त्यांच्याकडे पाहत होतो, आणि टाळ्या वाजवत होतो.